बिनहुंकाराची मुलाखत

पुण्याहून आलेली ती हिमानी आधी धाकटीकडे गेली, याला काय म्हणावं? शिकलेली मुलगी. नावापुढे डॉक्टर लागायचं आहे म्हणे. आणि एखाद्या घरात पाऊल टाकलं तर थोरलं कोण, धाकटं कोण, एवढं विचारायची अक्कल नाही.

आमच्या घराला जिना एकच. तळमजल्यावर मी, वर माझी धाकटी जाऊ प्रभावती, आणि तिच्या डोक्यावर छत. वर जायचं तर माझ्या दारावरूनच जावं लागतं, दुसरी वाट देवानं ठेवलेली नाही. गॅसवाला खांद्यावर सिलिंडर असतानासुद्धा "काकी, पालागी" असा नमस्कार केल्याशिवाय पुढे जात नाही. आणि ही बया! पाठीला पिशवी, गळ्यात ओळखपत्र, माझ्याकडे बघून गोड हसली आणि टकटक करत वर निघून गेली. एकदा नाही, लागोपाठ तीन दुपारी. मी दारातच बसले होते. निवडलेला तांदूळ पुन्हा निवडत होते. म्हणजे मी दिसले नाही असंही नाही.

वर काय चालायचं ते मला कळत होतं. मी कुणाच्या दाराला कान लावत नाही. प्रभेचा आवाजच असा आहे की गंगेपलीकडच्या वाळूवर उभ्या असलेल्या माणसालाही तिच्या घरी आज कसली भाजी आहे ते कळावं. ती मुलगी काशीतल्या मराठी घरांमधल्या बायकांच्या मुलाखती घेत फिरत होती. जुन्या आठवणी, सणवार, घरातलं बोलणं, सगळं यंत्रात भरायचं आणि पुण्याच्या कुठल्याशा विद्यापीठात नेऊन ठेवायचं. कायमचं. शंभर वर्षांनी कुणी येऊन बटण दाबलं तरी प्रभा बोलायला लागणार. नुसत्या विचारानंच माझं कपाळ दुखलं.

तरी मी गप्प होते. पण तिसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रभा जिन्यात उभी राहून म्हणाली, "जाऊबाई, बंदराची गोष्टही सांगून टाकली हो मी तिला."

माझ्या हातातलं सूप तिथेच राहिलं.

बंदराची, म्हणजे माकडाची, गोष्ट हा आमच्या घरातला अडकलेला निकाल. आम्ही दोघी नव्या सुना होतो तेव्हाची. गणेशचतुर्थी होती, आणि आमच्या मामंजींकडे, म्हणजे सासऱ्यांकडे, नागपूरचे बडे यजमान जेवायला यायचे होते. उकडीचे मोदक परातीत झाकून जिन्याखाली ठेवलेले. छताचं दार कुणीतरी उघडं टाकलं. बंदर उतरला. परात नेली ती नेली, खुंटीवरची मामंजींची पगडीसुद्धा नेली, आणि समोरच्या कठड्यावर पगडी घालून बसला. यजमान दारात हात जोडून उभे, आणि तो मेला त्यांच्यादेखत एकेक मोदक फोडून आतलं सारण खातोय आणि वरची पारी त्यांच्या अंगावर फेकतोय. त्यानंतर ते यजमान पुन्हा आले नाहीत. दुसऱ्या गुरुजींकडे गेले.

दार उघडं कुणी टाकलं? प्रभेनं. प्रभेच्या मते मी, म्हणजे आनंदीनं. मामंजी गेले, सासूबाई गेल्या, पण निकाल लावून गेल्या नाहीत. "दोघींतली एक," एवढंच म्हणायच्या, आणि मरेपर्यंत दोघींकडेही त्याच नजरेनं बघायच्या.

"काय सांगितलंस तिला?" मी विचारलं.

"झालं ते सांगितलं."

"दार कुणी उघडं टाकलं म्हणून सांगितलंस?"

"ते तुम्हाला ठाऊक आहेच," असं म्हणून ती वर चालती झाली. वर पोचल्यावर पुन्हा वाकून बघितलं. "आणि हो, माझं नाव ती बदलणार आहे. बोलणाऱ्याचं नाव गुप्त ठेवायचं असतं म्हणे. मी सांगितलं, वैदेही ठेव."

बघा न्याय. खोटं बोलली ती झाली वैदेही. आणि जिच्यावर आळ आला ती आनंदी, ती आनंदीच राहिली.

दुसऱ्या दिवशी मी जिन्याच्या पहिल्या पायरीवरच पाट टाकून बसले. हिमानी आली आणि अडली.

"माझी मुलाखत कधी?"

ती दचकली. मग माझ्या कानाशी वाकून मोठ्यांदा ओरडली, "काकू, प्रभावतीकाकू म्हणाल्या, तुम्हाला ऐकायला कमी येतं! त्रास होईल!"

"माझ्या कानाला काही झालेलं नाही. तुझ्या डाव्या चपलेचा पट्टा सुटत आलाय, तो मी तीन दिवस ऐकतेय. उद्या दुपारी ये. जेवून येऊ नकोस."

प्रभेनं तिला चहा आणि पाकिटातली बिस्किटं दिली होती, हे मला कचऱ्याच्या डब्यावरून ठाऊक होतं. मी पुरणपोळ्या केल्या. लग्नातला शालू मोडून नातीला ड्रेस शिवला, नाहीतर तोच नेसले असते. जांभळं रेशमी लुगडं नेसले. आमचे हे लाकडी चौकीवर पडल्या पडल्या म्हणाले, "अगं, यंत्रात नुसता आवाज जातो. लुगडं कुणाला दिसणार आहे?" मी म्हटलं, नेसलेल्या बाईचा आवाज वेगळा येतो. तुम्ही झोपा.

हिमानी आली. पोळ्या बघून म्हणाली, "आधी काम करूया का, काकू? मग जेवते." म्हटलं, कर. मग सुरू झाली तिची फर्माईश. कूलर बंद. पंखा बंद. भिंतीवरचं घड्याळ उतरवून गादीखाली. फ्रीजचं बटण बंद. बाहेर पारा असा की कौलावर पापड भाजावा, आणि मी रेशमी लुगड्यात. मी विचारलं, "श्वास घेतलेला चालेल का?" ती हसली. तेवढी शिकलेली होती.

यंत्र म्हणजे साबणाच्या वडीएवढं काहीतरी. "एवढंसं?" म्हटलं मी.

"या एवढ्याशातच महिन्याभराचं सगळं आहे, काकू. कॉपी करून ठेवायची होती, पण लॅपटॉपवर लस्सी सांडली. तो दुरुस्तीला आहे."

"म्हणजे प्रभेचं बोलणं फक्त यातच?"

"फक्त यातच," ती म्हणाली आणि यंत्राला काळी केसाळ टोपी घालायला लागली. वाऱ्याचा आवाज अडवायला असते म्हणे. दिसत होती मेलेल्या उंदरासारखी. "मी आधी जरा वर जाऊन घराचा आवाज घेऊन येते. कुणी बोलत नसताना घर कसं वाजतं, तेही लागतं."

"कुणी बोलत नसतानाचं हे घर मलाच अजून भेटलेलं नाही," मी म्हटलं. पण ती गेली छतावर. बऱ्याच वेळानं घामाघूम होऊन खाली आली, यंत्र माझ्यासमोरच्या पाटावर ठेवलं, लाल दिवा लावला आणि एक कागद वाचायला लागली.

"तुम्हाला नको असेल त्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही नाही दिलंत तरी चालेल. तुम्ही कधीही थांबू शकता."

माझ्या घरात, माझ्या पाटावर बसून, मला गप्प बसायची परवानगी देत होती! पुढे वाचलं, "तुमचं नाव गुप्त ठेवण्यात येईल."

"ठेवून तर बघ," मी म्हटलं. "मी काय चोरी केलीय? आनंदी लिही. ठळक लिही."

"बरं. शिक्षण?"

"चौथी. पाचवीला मास्तर बदलला, तो मला आवडला नाही."

"तुमच्या मिस्टरांचं नाव?"

आता नवऱ्याचं नाव असं भाजीच्या भावासारखं सांगतात का? मी घसा खाकरला, पदर सावरला आणि उखाणा घेतला. "गंगेवर सोडला दिवा पळसाच्या द्रोणात, बिंदुमाधवरावांचं नाव घेते पुण्याच्या फोनात."

चौकीवर हे झोपेतच खूश झाले. हिमानी मात्र अवघडून म्हणाली, "काकू, हा फोन नाही, रेकॉर्डर आहे."

"यमकाला चालतो."

"आणि... मधे बाहेरून स्कूटर गेली. पुन्हा एकदा घ्याल?"

"उखाणा दुसऱ्यांदा घ्यायला माझं लग्न काय दोनदा झालंय?"

तिनं स्कूटरसकट ठेवला. मग म्हणाली, "आता तुम्हाला सांगायची ती आठवण सांगा."

याचीच वाट बघत होते. मी मांडी घट्ट केली. "त्या वर्षी भाद्रपदात गंगेला असं पाणी होतं, की घाटाच्या पायऱ्या तर सोडाच, आरती करणारे गल्लीत येऊन उभे राहिले होते." आणि थांबले.

समोरून काही नाही. हिमानी मान हलवत होती.

"गंगेला पाणी होतं," मी पुन्हा म्हटलं.

मान.

"अगं, हूं म्हण की!"

तिनं ओठांवर बोट ठेवलं, मग लाल दिवा बंद केला आणि रडवेली होऊन सांगायला लागली. "काकू, मला आवाज काढायची बंदी आहे. मागच्या खेपेच्या मुलाखतींमध्ये मी सारखी 'हो का? हो का?' करत होते. गाइड मॅडमनी ऐकलं आणि फोनवर इतकं झापलं. म्हणाल्या, मुलाखत त्या बाईंची आहे की तुझी? बोलण्यावर बोलणं चढतं, लिहून काढता येत नाही. पुन्हा तुझा आवाज आला तर सगळ्या मुलाखती परत करायला लावीन. म्हणून मी नुसती मान हलवते."

"यंत्राला मान दिसते?"

"नाही."

"मग मी कुणाला सांगतेय?"

आमच्या घरी कहाणी सांगायची ती हुंकारावर. शुक्रवारची असो, नागपंचमीची असो, नाहीतर बंदराची. सांगणारीनं एक वाक्य सोडायचं, ऐकणारीनं हूं म्हणायचं, मग दुसरं वाक्य. हुंकार थांबला की कहाणी थांबली. आणि हुंकार देणाऱ्यानं मध्ये बोलायचं नाही. शंका आली तर ती पोटात ठेवायची. बिनहुंकाराच्या कहाणीचं पुण्य भिंतीला जातं, हा सासूबाईंचा कायदा. ब्रह्माघाटाच्या मुक्तामावशी होत्या, गेल्या पंधरवड्यात वारल्या. त्यांचा हुंकार म्हणजे काय सांगू! त्यांनी नुसतं "हूं" म्हटलं की सांगणाऱ्या बाईला विसरलेली कहाणी आठवायची. मोहल्ल्यातल्या प्रत्येक पूजेला त्यांना मुद्दाम बोलावून आणायचे. आणि ही माझ्यासमोर दगडासारखी बसून मला म्हणते, सांगा.

"प्रभेची कहाणी पण अशीच घेतलीस? बिनहुंकाराची?"

"हो."

"तरीच," मी म्हटलं. "हुंकार नाही तिथे माणूस काय वाटेल ते बोलतो."

ती म्हणाली, दुसऱ्या कुणी हुंकार दिला तर चालेल का? मॅडमची बंदी तिच्या आवाजाला होती. मुलगा-सून बँकेत गेलेली, नात कॉलेजात. राहिले हे. मी म्हटलं, "अहो, हुंकार द्या जरा."

"हूं," हे म्हणाले.

"त्या वर्षी भाद्रपदात गंगेला फार पाणी होतं."

"हूं."

"नागपूरचे यजमान भोसले घाटावर उतरले होते."

"हूंऽऽ."

"त्यांना बढिया मोदक खायला घालायचे, असं मामंजींच्या मनात."

"घुर्रर्र," हे म्हणाले. आणि पुढच्या प्रत्येक वाक्याला घुर्रर्र. हिमानीनं तोंडावर ओढणी दाबली. मी थांबले.

एवढ्यात दारात प्रभा. "खाली इतकी शांतता कशी, म्हणून बघायला आले. मला वाटलं, कुणाला काही झालं की काय."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हुंकार देणाऱ्यानं मध्ये बोलायचं नाही. आणि यंत्रात प्रभेचा "हूं" गेला, म्हणजे शंभर वर्षांनी ऐकणाऱ्याला काय कळणार? तिला कबूल होतं, हेच कळणार.

"ये गं प्रभा," मी इतक्या प्रेमानं म्हटलं की हे झोपेतून जागे झाले. "बैस. हुंकार दे मला. तुझ्याशिवाय या घरात जाणकार दुसरं आहेच कोण?"

जाणकार म्हटल्यावर प्रभा बसली. मी सुद्धा बसले असते. लाल दिवा लागला.

"मामंजींनी यजमानांना जेवायला बोलावलं."

"हूं."

"सासूबाईंनी उकड काढली."

"हूं."

"मोदक मी वळले."

"हूं?" हा हुंकार शेवटाला वर चढला.

"सगळे मीच वळले."

"हूंऽऽ?"

"प्रभेनं वळले होते थोडे. ते फुटले. ते वाटीत वेगळे काढून ठेवले."

प्रभा लाल झाली. नाकातून असा हुंकार आला, जणू गल्लीत कुणी म्हशीची शेपटी धरली. पण आला. यंत्रात गेला. मी मनात म्हटलं, जाऊ दे थेट पुण्याला.

"मोदक परातीत झाकून जिन्याखाली ठेवले."

"हूं."

"प्रभा वाळत घातलेलं सोवळं आणायला छतावर गेली."

हुंकार नाही.

"छतावर गेली," मी म्हटलं.

प्रभेनं ओठ मिटून घेतले. जन्मात कधी गप्प न बसलेली बाई नेमकी आज गप्प बसली. तिलाही कळलं होतं, मी कुठे निघाले आहे ते.

"आणि खाली येताना दार उघडं टाकून आली," मी तशीच रेटून म्हटलं.

शांत. कूलर नाही, पंखा नाही, घड्याळसुद्धा गादीखाली. प्रभा छताकडे बघत बसलेली, माझी कहाणी ऐन दारात अडकलेली. पुढे बोलावं तर पुण्य भिंतीला, आणि थांबावं तर पुण्यात मीच गुन्हेगार. माझ्या कानशिलावरून घाम ओघळला. हिमानी कधी माझ्याकडे बघत होती, कधी प्रभेकडे. दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलेलं. डोळे असे मोठे झालेले. आणि मग तिच्या बोटांच्या फटीतून फुटलंच.

"हूं! हूं काकू! मग?"

झालं! मॅडमची बंदी गेली गंगेत. काय सांगू, उभ्या जन्मात मला असा हुंकार कुणी दिला नव्हता. अगदी मुक्तामावशींसारखा, पोटातून. मी सरसावून बसले.

"मग," मी म्हटलं, "त्या उघड्या दारातून, जिन्यावरून, एकेक पायरी उतरत, बंदर खाली आला."

"अगं बाई गंऽऽ!" प्रभा किंचाळली.

"हुंकारात बोलायचं नाही," मी म्हटलं.

"जाऊबाई, मागे! मागे!"

मी वळून बघितलं. शेवटच्या पायरीवर एक हा एवढा धटिंगण लाल तोंडाचा बंदर उभा. आत आला, पुरणपोळ्यांच्या ताटाकडे बघितलं, प्रभेकडे बघितलं, आणि पाटावरची ती केसाळ टोपी दिसल्याबरोबर यंत्र उचलून काखेत मारलं आणि आल्या वाटेनं वर गेला. त्याला वाटलं असेल, कुणी त्याचंच पिल्लू इथे डांबून ठेवलंय.

"माझं सगळं त्यात आहे!" हिमानी ओरडली आणि धावली. तिच्यामागे प्रभा, प्रभेमागे मी गुडघे धरून. हे मागून विचारत होते, "मुलाखत संपली का?"

छतावर ऊन रणरणत होतं. बंदर पाण्याच्या टाकीवर चढून बसला होता, लाल दिवा पेटलेलं यंत्र हातात आणि दोन मजले खाली दगडी गल्ली. टोपीचे केस एकेक करून उपटत होता, उवा शोधत असावा. हिमानीनं "शू" केलं तर त्यानं यंत्र कठड्याच्या बाहेर धरलं. बनारसचे बंदर आहेत ते, त्यांना सौदा कसा करायचा ते ठाऊक असतं.

खरं सांगते, माझ्या मनात आलं, पडू दे. प्रभेचं खोटं त्यातच आहे, दुसरीकडे कुठेही नाही. तेवढ्यात प्रभा माझ्या कानाशी कुजबुजली, "जाऊबाई, जाऊ दे ना. ते फुटक्या मोदकांचंही जाईल." आम्ही एकमेकींकडे बघितलं. लग्न होऊन या घरात आल्यापासून दोघींचं एका गोष्टीवर एकमत झालं ते तेव्हा.

मग हिमानी मटकन खाली बसली. लोणच्यासाठी वाळत घातलेल्या माझ्या कैऱ्यांशेजारीच बसली, पण मी काही बोलले नाही. रडत म्हणाली, "मुक्ताआजी त्यात आहेत. त्या गेल्या. त्यांची मुलगी लखनौहून फोन करून म्हणाली, एकदा आईचा आवाज ऐकव. मी म्हटलं, उद्या पाठवते."

प्रभेनं पदर डोळ्याला लावला. माझंही नाक भरून आलं, पण ते उन्हानं.

"प्रभा," मी म्हटलं, "तुझ्या डब्यात बेसनाचे लाडू आहेत."

"तुम्हाला कसं कळलं?"

"वास येतो. आण. आणि येताना माझ्या पुरणपोळ्या पण घेऊन ये."

आली धापा टाकत. मी पोळी पुढे धरली. "ले रे बाबा. घे. तुपाची आहे." बंदरानं यंत्र डाव्या हातात धरलं, उजव्या हातानं पोळी ओढून घेतली आणि खायला लागला. यंत्र सोडलं नाही. दुसरी पोळी दिली. पहिली तोंडात कोंबून ती घेतली. यंत्र डाव्या हातातच. तिसरी. हा हिशेब माझ्या सगळ्या पोळ्या संपेपर्यंत असाच चालला असता.

"जाऊबाई, तुम्ही उजवीकडून द्या," प्रभा म्हणाली, "मी डावीकडून देते. एकदमच द्यायचं."

ती टाकीच्या पलीकडे गेली. मी पोळी उंच धरली, तिनं लाडू.

"इधर देख, नासपीट्या! पोळी!" मी ओरडले.

"लाडू! लाडू! अरे, बेसन का है, शुद्ध घी का!" प्रभा ओरडली.

"हिच्या लाडवात पाक जास्त असतो, माझ्याकडे बघ!"

"ह्यांच्या पोळीत पुरणच नाही, इकडे बघ!"

बंदरानं मान इकडे वळवली, तिकडे वळवली. उजव्या हातानं माझी पोळी धरली. मग लाडवावरून त्याची नजर हटेना. मेल्याचा जीव दोन्हीकडे अडकला. शेवटी डावा हात मोकळा करून त्यानं लाडू घेतला, आणि यंत्र टाकीवरून घरंगळत खाली आलं, ते हळद-मीठ लावलेल्या कैऱ्यांच्या ढिगात.

हिमानीनं झडप घातली. टोपी पिवळी झाली होती आणि अर्धी टक्कल पडल्यासारखी दिसत होती, पण लाल दिवा जळतच होता. तिनं बटणं दाबली. आधी बंदराच्या चावण्याचा आवाज, मग आम्हा दोघींचा आरडाओरडा, पाक, पुरण, नासपीट्या, सगळं स्पष्ट. हिमानी रडता रडता हसायला लागली. मग घाबरत घाबरत मागे गेली, अजून मागे गेली, आणि यंत्रातून एक बारीक, पिकलेला आवाज आला. मुक्तामावशी लहानपणीचं काही सांगत होत्या. सांगता सांगता मध्येच थांबल्या आणि स्वतःच स्वतःला म्हणाल्या, "हूं."

समोरची पोर हुंकार देत नव्हती, म्हणून बिचाऱ्यांनी स्वतःच दिला.

आम्ही तिघी तिथेच उन्हात बसलो. बंदर टाकीवर लाडू चाटत होता. अखेर प्रभेनंच विचारलं, "पण छताचं दार उघडं कुणी टाकलं?"

सवयीनं मी म्हणणार होते, तू. सवयीनं तिनंही माझ्याकडेच बोट केलं होतं. मग आम्ही दोघींनी एकदमच मान वळवली आणि कैऱ्यांशेजारी बसलेल्या त्या मुलीकडे बघितलं. ती घराचा आवाज घ्यायला वर आली होती.

हिमानीचा चेहरा उतरला. "काकू... मी घाईत... लक्षात नाही राहिलं..."

प्रभा माझ्याजवळ सरकली. "त्या वर्षीचंही दार हिनंच टाकलं असेल का हो?" हळूच म्हणाली. प्रभा जन्मात एकदा शहाण्यासारखं बोलली, ते हे.

"पण काकू, तेव्हा तर माझा जन्मही..."

"गप. ते यंत्र चालू आहे ना? तोंडाजवळ धर माझ्या. नीट ऐक, पोरी. थोरलीला सोडून तू आधी धाकटीकडे गेलीस, ही एक चूक. गेलेल्या म्हातारीला तू हुंकार दिला नाहीस, ही दुसरी. लखनौच्या मुलीला आज रात्रीच तो आवाज पाठवायचा. आणि आजचं छताचं दार तूच उघडं टाकलंस, त्या चतुर्थीचं पण तूच. तेव्हा तू जन्मली नव्हतीस, हे काही कारण झालं नाही. ना माझं नाव, ना प्रभेचं. जन्मभराचा निकाल आज लागला, आणि तो तसाच्या तसा पुण्याला पोचला पाहिजे. मॅडमला सांग, तुझा आवाज मध्ये आला तो माझ्या हुकमानं आला. आता खाली चल, राहिलेल्या पोळ्या खा, आणि मध्ये एक शब्द न बोलता, पोटातून, हूं म्हण."